साक्ष द्यायच्या आधी

ख्रिस्तात सप्रेम सलाम बाळा,

तुझा लांबलचक मेसेज मिळाला, पाठवलेली वेळ बघितली, रात्रीचे दोन, म्हणजे झोपेचं खोबरं झालेलंच आहे. मिशन ट्रिप करून दक्षिण सुदानच्या राजधानीतून, जुबाहून, आल्यापासून कुणाशी धड बोलावंसं वाटत नाही, नळ वाहताना दिसला तरी डोकं सटकतं, आणि त्यात पाळकसाहेबांनी रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे तिथला अनुभव सांगायला, सांगितलंय, काय बोलू अंकल, असं विचारलंयस. जसं सुचेल तसं लिहितो, मागेपुढे झालं तर चालवून घे.

चिडचिड होणारच. फक्त ती घरच्यांवर काढू नकोस, ते तिथे नव्हते हा काही त्यांचा गुन्हा नाही. पण तीच तीच स्वप्नं पडत राहिली, झोप लागेनाच, तर नुसतं गुडघ्यावर बसून दाबून टाकू नकोस, काउन्सिलरकडे जा. विश्वास कमी पडला वगैरे कुणी म्हणालं तर सरळ दुर्लक्ष कर, तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या रिलीफवाल्यांना पण ठराविक आठवड्यांनी सक्तीची सुट्टी देतात, ते काय उगाच?

आता साक्ष. मिशन ट्रिपवरून आलेल्यांच्या साक्षी मी इतक्या ऐकल्यात की पुढचं वाक्य आधीच सांगू शकतो. "त्यांच्याकडे काहीच नाही, तरी चेहऱ्यावर केवढा आनंद, आपण किती आशीर्वादित आहोत!" हे प्लीज बोलू नकोस. पाहुणे आले की कुणीही हसून स्वागत करतं, त्यावरून त्यांच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. आणि आपण आशीर्वादित, तर मग ते कोण, प्रभू ज्यांना विसरला ते? ते स्वतः असं अजिबात मानत नाहीत. बायबलमध्ये यशया 18 मध्ये कूश देशाबद्दल लिहिलंय ना, नद्यांनी विभागलेला देश, उंच लोक, ते आमच्याबद्दलच आहे असं तिथले कितीतरी विश्वासी छाती ठोकून सांगतात.

"आम्ही ख्रिस्ताची सुवार्ता घेऊन गेलो" हेही नको. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे लोक तिथल्या बोर शहराजवळ मालेकला 1906 च्या सुमाराला पोचले, पुढे कित्येक वर्षं तिथल्या डिंका जमातीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच विश्वासी. मग 1964 मध्ये खार्तूमच्या, म्हणजे तेव्हाच्या अखंड सुदानच्या, सरकारने दक्षिणेतल्या सगळ्या परदेशी मिशनऱ्यांना हाकलून दिलं. आणि मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, खरी वाढली ती त्यानंतर, खार्तूमशी झालेल्या 1983 ते 2005 च्या लढाईत, गावं जळत होती, गुरं लुटली जात होती, तेव्हा तिथल्याच बायकांनी आणि पोरांनी आपल्या भाषेत गीतं रचली, लाकडाचे क्रूस कोरून हातात घेऊन चालत राहिले. हे माहीत असलं की तिथे आपण कोण म्हणून गेलो होतो ते आपोआप नीट कळतं.

तुझा जो खरा प्रश्न आहे तो तू मेसेजच्या शेवटी घाईघाईत टाकलायस, की डिंका आणि नुएर या दोन जमाती एकमेकांना मारतात, दोन्हीकडे ख्रिस्ती, दोन्हीकडे तेच शास्त्र, म्हणजे बायबल, मग सुवार्तेने बदललं काय? याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. दक्षिण सुदानला स्वातंत्र्य 9 जुलै 2011 ला मिळालं आणि डिसेंबर 2013 मध्ये जुबातच गोळीबार सुरू झाला, डिंका असलेले राष्ट्राध्यक्ष सल्वा कीर एकीकडे, नुएर असलेले त्यांचे माजी उपराष्ट्राध्यक्ष रिएक मचार दुसरीकडे. जुबात नुएर लोकांना शोधून शोधून मारलं, मग बोरमध्ये त्याचा सूड, तिथे सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात आसऱ्याला थांबलेल्या, मंडळीत सेवा करणाऱ्या बायकांना मारलं. चर्चच्या आवारात, बघ. एका अभ्यासानुसार 2018 पर्यंत या लढाईपायी जवळपास चार लाख माणसं गेली. तेव्हा रविवारी कुणी "जमातींची भांडणं हो, चालायचीच" म्हणालं तर गप्प बसू नकोस. सरकारचा जवळजवळ सगळा पैसा तेलातून येतो, ज्याच्या हातात खुर्ची त्याच्या हातात तो पैसा, आणि खुर्चीसाठी भांडणाऱ्यांनी जातीला हाक मारली. हे आपल्याला न कळण्यासारखं आहे का?

पोप फ्रान्सिस यांनी एप्रिल 2019 मध्ये कीर आणि मचार दोघांच्या पायांचं चुंबन घेतलं तो व्हिडिओ तू बघितलाच असशील. माझ्या अंगावर काटा आला होता. पण 2025 च्या मार्चमध्ये मचारना नजरकैदेत टाकलं आणि परत सगळं पेटायला लागलं. त्यामुळे मला विचारशील तर मला 1999 ची वुनलित गावातली समेटाची बैठक जास्त पटते. तिथल्या मंडळ्यांच्या कौन्सिलने डिंका आणि नुएर सरदारांना, वडीलधाऱ्यांना त्या गावात बोलावलं, जुन्या रिवाजाने पांढरा बैल कापला, आणि मग दिवसचे दिवस एकेकाने उठून सांगायचं की तुम्ही आमचं काय काय नेलंत, कुणाला मारलंत, आणि समोरच्यांनी ते बसून ऐकायचं. सगळे प्रश्न सुटले असं नाही, पण त्या भागातल्या धाडी पुष्कळ थांबल्या. बायबलमधल्या ईयोबाचे मित्रसुद्धा त्याच्या दुःखात सात दिवस नुसते जमिनीवर बसले होते तोपर्यंत बरे होते, घोळ झाला तो तोंड उघडल्यावर.

मग रविवारी बोलायचं काय? तू लिहिलेली ती कॅम्पातली आजी सांग. शास्त्रात स्तोत्रांच्या पानात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड, एका हातात क्रूस, आणि शेवटची प्रार्थना चालू असतानाच उठून धान्याच्या रांगेत गेली, कारण उशीर झाला तर नंबर जातो. बस, एवढंच सांग, त्याचा अर्थ तू काढून देऊ नकोस, ऐकणारे काय ते बघतील. नाव सांगू नकोस, फोटो तर नकोच. तिथे कोण कुठल्या जमातीचं, कुणाशी बोललं, यावरून जीव जाऊ शकतो. आणि त्या उघड्या पोरांचे फोटो स्टेटसला टाकलेत ते आजच काढ. तुझ्या भाचीचा असा फोटो कुणी टाकला असता तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस.

पैशांचं राहिलं. क्वायरमधला तो मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवर फी मागतोय, तो फसवत नाहीये, पण तू एकटी त्याला पाठवायला लागलीस तर उद्या दहा जण मागतील, नाही म्हणताना तुझा जीव जाईल आणि तिथे त्याच्यावर बाकीचे जळतील. तिथल्या मंडळीमार्फत पाठव, थोडे पाठव, पण वर्षभर चुकवू नकोस. "परत येईन" असं वचन दिलं असशील तर आत्ताच स्पष्ट कळव की नक्की नाही, ती माणसं अशा वचनांवर दिवस मोजत बसतात.

साक्ष दहा मिनिटांच्या वर नको, कागदावर लिहून काढ, आणि आधी जुबाच्या पाळकांना पाठव, इंग्रजीत करून. त्यांना जे खटकेल ते मुकाट्याने काढून टाक, वाद घालू नकोस. त्यांचा रिप्लाय यायला वेळ लागेल, नेट सारखं जातं तिकडे, म्हणून उद्याच पाठव. मग मला वाचून दाखव, शनिवारी संध्याकाळी मी घरीच आहे.

तुझा,
अंकल