कार्टमधला भाव नक्की कोणाचा?

प्रश्न : ताई, मुलांसाठी दोन हेडफोन ऑनलाइन घेत होते. सवलत घसघशीत होती आणि खाली लाल अक्षरांत ‘फक्त 3 शिल्लक’ असं होतं. दोन्ही कार्टमध्ये टाकले, पत्ता भरला आणि पैसे भरायच्या पानावर आले, तर दोन्हींना मूळ किंमत लागलेली. सूचना कुठेच नाही. एकूण रकमेकडे लक्ष गेलं म्हणून कळलं. कस्टमर केअरचं म्हणणं, सवलतीतला एकच नग उरला होता आणि तुम्ही दोन मागितलेत. मग एक तरी सवलतीत मिळायला नको का? आणि कार्टमध्ये टाकल्यावर तो भाव माझा होत नाही का? – एक वाचक

उत्तर : एक नग सवलतीत मिळायलाच हवा होता. कार्टमधल्या भावाबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं.

मी बरीच वर्षं एका ऑनलाइन दुकानाच्या ऑर्डर आणि स्टॉक विभागात होते. बहुतेक ठिकाणी कार्ट म्हणजे नुसती यादी असते. तुम्ही वस्तू टाकलीत म्हणून गोदामातला नग कोणी बाजूला काढून ठेवत नाही. तसं केलं, तर निम्म्याहून जास्त माल न घेणाऱ्यांच्या कार्टमध्ये अडकून पडेल, कारण कार्ट भरून तशीच सोडणारेच जास्त असतात. शिवाय एखाद्याने बॉट, म्हणजे आपोआप खरेदी करणारा प्रोग्राम, लावून सवलतीचे सगळे नग कार्टमध्ये कोंडून ठेवले, तर खरं गिऱ्हाईक ताटकळत राहील. विमानाच्या किंवा नाटकाच्या तिकिटात जागा काही मिनिटं अडवून ठेवतात, पण तिथे उरलेली मिनिटं समोर दिसत असतात. त्यामुळे ‘आधी पैसे भरेल त्याला’ हा नियम मला गैर वाटत नाही. तो गिऱ्हाइकाला आधी सांगितलेला मात्र हवा. आणि एकदा पैसे भरायचं बटण दाबलं, की ओटीपी येऊन व्यवहार पुरा होईपर्यंत भाव हलता कामा नये. तेवढा वेळ नग राखून ठेवणं कोणत्याही दुकानाला जमतं.

आता तुमचे दोन नग. कार्टमध्ये एका वस्तूची एक ओळ असते : नग दोन, दर एक. सिस्टिम विचारते, सवलतीचे दोन नग आहेत का? नाहीत. झालं, अख्खी ओळ मूळ दरावर जाते. यात कोणी लबाडी केली असेलच असं नाही, प्रोग्राम लिहिणाऱ्याने सोपा मार्ग धरला एवढंच. पण त्याचा भुर्दंड तुम्ही का सोसायचा? ओळ फोडून एक नग सवलतीत आणि एक मूळ दराने दाखवणं मुळीच अवघड नाही. पुन्हा असं झालं तर नग एकवर आणून पाहा, बऱ्याचदा सवलत परत दिसते.

मला खरा आक्षेप आहे तो त्या ‘3’ वर. सवलतीचा एकच नग होता, तर हे तीन कसले? बहुधा गोदामातले एकूण. सवलतीच्या नगांचा हिशेब वेगळा ठेवतात, एकूण स्टॉकचा वेगळा. सवलतीच्या भावाखाली एकूण स्टॉकचा आकडा छापला, तर वाचणारा तो सवलतीचाच समजणार. त्या आकड्यामुळेच माणूस घाई करतो, म्हणून तो कसला आहे हे लिहिलेलंच हवं.

डॅनियल काहनेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी 1986 साली लोकांच्या न्यायाच्या कल्पनांवर एक अभ्यास छापला. गाड्यांची टंचाई असताना विक्रेत्याने छापील किमतीवर 200 डॉलर चढवले, तर 71 टक्के लोकांना ते अन्यायाचं वाटलं. तोच विक्रेता आधी 200 डॉलर सूट देत होता आणि त्याने ती बंद केली, असं सांगितल्यावर मात्र 58 टक्के लोकांना ते चालण्यासारखं वाटलं. दोन्हीकडे गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणारा फरक तेवढाच! ‘भाव वाढवला नाही, ऑफर संपली’ हे उत्तर दुकानांना म्हणूनच सोयीचं पडतं. पण त्या अभ्यासातल्या गिऱ्हाइकाने गाडी निवडून, पत्ता भरून, पैसे काढायला हात पुढे केलेला नव्हता. तुम्ही इथवर आला होतात. इथे गुपचूप दर बदलणं आणि आधीच सूट बंद केल्याचं सांगणं, या दोन गोष्टी मी एका मापाने मोजणार नाही.

कायद्याचंही याकडे लक्ष आहे. युरोपीय संघाच्या 2005 च्या निर्देशानुसार, पुरेसा माल देता येणार नाही हे ठाऊक असताना ते न सांगता कमी भावाची जाहिरात करणं गैर आहे. भारतात 2023 साली निघालेल्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या ऑनलाइन मांडणीविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत खोटी घाई लावण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तुमच्या बाबतीत ते ‘3’ खोटं होतं की नुसतं अर्धवट, हे दुकानालाच विचारावं लागेल.

तेव्हा फोनवर वाद घालू नका, लेखी विचारा. दोनच गोष्टी मागा : तीनचा आकडा सवलतीच्या नगांचा होता की एकूण मालाचा, आणि उरलेला एक नग मला सवलतीत का दिला नाही. कार्टचा आणि पैशांच्या पानाचा स्क्रीनशॉट असेल तर सोबत जोडा. नसेल, तर ऑर्डर करायला घेतल्याची तारीख आणि अंदाजे वेळ लिहा, त्या वेळच्या नोंदी त्यांच्याकडे असतात.