रिक्षा थांबवून ठेवली होती

“मी बावन्न वर्षांची असून इंदूरला पलासियाजवळ राहते. बावीस वर्षे मंडळीच्या (चर्चच्या) संडे स्कूलमध्ये शिकवते आहे, दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देवाला द्यायचा कधी चुकवला नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे सहा वर्षे सगळे केले. रोज रात्री त्यांना ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे एक भजन म्हणून दाखवत असे. माझा मुलगा तीन वर्षे नोकरीसाठी वणवण करतो आहे. उलट माझी धाकटी जाऊ दहा-बारा वर्षे चर्चची पायरी चढली नव्हती. दोन वर्षांपूर्वी ती परत आली, लगेच तिच्या मुलाला पुण्याला नोकरी लागली आणि निपानियाला फ्लॅटही झाला. आता ती उपासनेत उभी राहून देवाने आपल्यासाठी काय केले याची साक्ष देते आणि सगळे हालेलूया म्हणतात. तिच्या घराच्या आभारप्रार्थनेच्या दिवशी मला बरे नव्हते, म्हणून करंज्यांचा डबा फाटकापाशीच पुतणीच्या हाती दिला आणि थांबवून ठेवलेल्या रिक्षाने परत आले. पाळकसाहेब म्हणतात, ख्रिस्ती माणसाने प्रतिफळाची इच्छाच धरू नये. देवाकडून फळाची अपेक्षा करणे पाप आहे का?”

प्रिय भगिनी,

करंज्यांचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण माझे सगळे उत्तर त्या वाक्यापाशीच अडकले आहे. ज्या बाईला बरे नसते ती सारण भाजून, पारी लाटून, एकेक करंजी कातून मंद आचेवर तळत बसत नाही, आणि तो डबा मांडीवर घेऊन पलासियाहून निपानियापर्यंत जातही नाही. शिवाय रिक्षा थांबवून ठेवली होती. म्हणजे आत जायचे नाही, हे घरून निघतानाच ठरलेले होते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे. नाही, ते पाप नाही, आणि पाळकसाहेबांचा मान राखूनही मी त्यांच्याशी सहमत नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींविषयी बोलताना प्रभू येशू प्रत्येक वेळी सांगतो की, गुप्तातले पाहणारा पिता तुला प्रतिफळ देईल. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात तर देव आपला शोध करणाऱ्यांना प्रतिफळ देणारा आहे, हे विश्वासाचाच भाग म्हणून मांडले आहे. ज्या गोष्टीचे वचन देव स्वतः देतो, तिची इच्छा धरणाऱ्याला तो अपराधी कसा ठरवील? तेव्हा मुलाच्या नोकरीसाठी खुशाल मागा, रडून मागा. आईने तेवढेही मागू नये, असे मी कधी म्हणणार नाही.

पण तुम्ही मागत नाही आहात, तुम्ही वसुली करत आहात. बावीस वर्षांच्या सेवेची हुंडी लिहून ती वटवायला तुम्ही देवाच्या पेढीवर उभ्या आहात, आणि मागून आलेल्या जाऊबाईंची हुंडी आधी वटली म्हणून तुमचा जीव जळतो आहे.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला थोरला मुलगा तुम्ही संडे स्कूलच्या मुलांना किती वेळा शिकवला असेल! तो शेतातून येतो, वाजवणे आणि नाचणे त्याच्या कानी पडते, तो चाकराला कारण विचारतो, आणि सगळे उधळून परतलेल्या धाकट्या भावासाठी बापाने मेजवानी दिली आहे हे कळताच रागावून आत जाईना. त्याचे गाऱ्हाणे काय, तर इतकी वर्षे चाकरी केली, तरी मित्रांबरोबर आनंद करायला एक करडूही मिळाले नाही. त्याला हव्या असलेल्या त्या मेजवानीत बाप कुठेच नाही. आपल्या भावाचा उल्लेख तो ‘हा तुमचा मुलगा’ असा करतो आणि बाप त्याला उत्तर देताना ‘हा तुझा भाऊ’ असे म्हणतो. शेवटी तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. तुमच्या बाबतीत मात्र ते मला माहीत आहे, कारण रिक्षा थांबलेली होती.

द्राक्षमळ्याचा दाखलाही याच दुखण्यावर आहे. आम्ही सर्व सोडून तुमच्या मागे आलो, तर आम्हांला काय मिळणार, असे शिष्य पेत्र येशूला विचारतो. प्रभू त्याला रागे भरत नाही, शंभरपट देण्याचे वचन देतो आणि मग हा दाखला सांगतो. मळ्याचा धनी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत वेगवेगळ्या वेळी मजूर लावतो, आणि दिवस सरल्यावर कारभाऱ्याला शेवटी आलेल्यांपासून मजुरी द्यायला सांगतो. पहाटेच्या मजुरांना आधी दिली असती, तर ठरलेला एक दीनार घेऊन ते समाधानाने घरी गेले असते. पण तासभर राबलेल्यांच्या हातातही तोच दीनार पडलेला त्यांना पाहावा लागला. आपली मजुरी कमी पडली, असे ते म्हणत नाहीत. त्यांना आमच्या बरोबरीचे केले, हे त्यांचे दुःख आहे. तुमचेही तेच आहे.

दोष केवळ तुमचा नाही, आपल्या मंडळ्यांनाही मला एक सांगायचे आहे. कॅनडाच्या मिशनऱ्यांनी 1887 मध्ये इंदूरला ख्रिश्चन कॉलेज काढले त्या काळात आणि पुढेही बराच काळ बाप्तिस्मा घेणाऱ्यांना ‘पोटासाठी बाटले’ असे ऐकून घ्यावे लागे. ज्यांची भजने तुम्ही म्हणता त्या नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा संसार दुभंगला आणि पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे 1917 मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली. अशा माणसांचे वारस असलेले आपण आज नोकरी आणि फ्लॅट मिळाला, एवढ्यालाच साक्ष म्हणतो, याचे मला फार वाईट वाटते.

सासूबाईंच्या उशाशी बसून भजन म्हणताना ती रात्र तुम्ही कुणाच्या खात्यावर मांडत होता का? मला तसे वाटत नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या वेळी राजा ज्यांना उजवीकडे बोलावून त्यांच्या सेवेची आठवण करून देतो, ते गोंधळून विचारतात की, प्रभू, आम्ही तुला केव्हा भुकेला पाहिले आणि खायला दिले? त्यांच्याकडे हिशोबच नाही. त्या सहा वर्षांत तुम्ही त्यांच्यापैकीच होता, आणि ती बाई मला परत हवी आहे.

म्हणून येत्या रविवारी उपासनेनंतर निपानियाला जा. करंज्या करू नका, डबा नेऊ नका, कारण डबा हातात असला की तो देऊन परत फिरता येते. घरात जाऊन बसा, चहा मागून घ्या, सगळ्या खोल्या पाहा. त्या दिवशी तब्येतीचे निमित्त सांगून का परतलात, ते जाऊबाईंना सरळ सांगा. आणि मग माझ्या मुलासाठी तू प्रार्थना कर, असे त्यांना म्हणा. बावीस वर्षे तुम्ही इतरांसाठी प्रार्थना केल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी आलेल्या बाईपुढे डोळे मिटून बसणे तुम्हाला जड जाईल, पण तुम्ही बसा. ती करील त्या प्रार्थनेला आमेन म्हणा.

फाटकाशी उतरल्यावर रिक्षावाल्याचे पैसे देऊन टाका आणि त्याला जाऊ द्या.