डोमेन, दंपती आणि 'उच्चस्तरीय' घोळ

प्रश्न आलाय: 'टॉप लेव्हल डोमेन'ला 'उच्चस्तरीय अधिक्षेत्र' म्हणावं का, आणि 'सबडोमेन'ला 'उपसंकेतस्थळ' चालेल का?

दोन्ही नको. मराठीत उच्चस्तरीय असते ती समिती, फार तर बैठक. डोमेनच्या पातळीला मानपान नसतो, नुसती जागा असते. 'उपसंकेतस्थळ' तर साफ चूक, कारण डोमेन म्हणजे संकेतस्थळ नव्हेच, ते इंटरनेटवरचं नुसतं नाव. नाव घेऊन ठेवलं आणि साइट कधी उभीच केली नाही अशी माणसं पुष्कळ आहेत, त्यांत मीही एक. पाटी रंगवून आणली म्हणून घर बांधून होत नाही.

'आपलेसरकार.महाऑनलाइन.गव्ह.इन' घ्या. उजवीकडून मोजायचं: 'इन' पहिली पातळी, 'गव्ह' दुसरी, 'महाऑनलाइन' तिसरी, 'आपलेसरकार' चौथी. आपण पाकिटावर मु. पो., ता., जि. लिहितो तसंच, लहान आधी आणि मोठं शेवटी. 'इन'च्याही पुढे खरं तर एक टिंब असतं, आपण ते लिहीत नाही. ते मूळ. झाडाचं मूळ वर नि फांद्या खाली, गीतेच्या पंधराव्या अध्यायातला ऊर्ध्वमूल अश्वत्थच, म्हणून मुळाला लागून असलेली 'इन'ची पातळी ती 'टॉप'. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही रचना मांडली. त्याआधी साऱ्या यंत्रांची नावं एकाच फायलीत सांभाळली जात. आता ज्याच्याकडे नाव, तो त्याच्या डावीकडे आणखी नावं जोडतो (हीच सबडोमेनं), वरच्याला विचारत नाही.

हे न कळल्यानं काय होतं ते परवाच पाहिलं. शेजारच्या काकांना खातं बंद पडणार असल्याचा मेसेज आला. दुव्यात बँकेचं नाव अगदी पहिलं, त्यामागे टिंब आणि पुढे कुणाचं तरी भलतंच नाव. "बँकेचंच आहे, नाव वाच की!" म्हणाले. अहो काका, मालक उजवीकडे बसलेला असतो! शेवटचे दोन तुकडे वाचा, शेवट 'को.इन', 'गव्ह.इन' असा जोड असेल तर तीन.

असो. खरी मजा 'डोमेन' या शब्दात आहे. इंग्रजीत तो फ्रेंचातून आला, मागे लॅटिन 'दोमिनियुम' म्हणजे मालकी, त्यामागे 'दोमिनुस' म्हणजे घरधनी, आणि तळाशी 'दोमुस', घर. आता ऋग्वेदाचं पहिलंच सूक्त काढा, आठवी ऋचा: 'वर्धमानं स्वे दमे'. अग्नी आपल्या घरात वाढतो. हा 'दम' म्हणजे घर, 'दोमुस'चा सख्खा भाऊ. (दम लागतो तो दम फारसी, शम-दमातला तिसराच.) आणि याच दमाचा पती तो दंपती! ग्रीक 'देस्पोतेस' हाही तोच समास, अर्थ घराचा धनी. पुढे त्याचा हुकूमशहा झाला.

इथे पंडित मंडळी डोळे वटारतात. त्यांच्या मते 'दंपती' म्हणजे जाया आणि पती, 'जाया'च्या जागी 'दम्' आलं. अमरकोशात दंपती, जंपती, जायापती, भार्यापती एका ओळीत बसवलेत, आणि आमचे शाळेतले गुरुजीही तेच घोकवत. पण ऋग्वेदात एकट्या अग्नीला एकवचनात 'दंपति' म्हटलंय. तिथे जाया कुठून आणणार? नियम आधी आणि शब्द मागून अशी ही व्युत्पत्ती. घरधनी म्हटलं की एकवचन आणि द्विवचन दोन्ही सुटतात, कारण घराचे धनी दोघं. 'जंपती' हा मला तर 'जाया'कडे पाहून मागाहून जुळवलेला वाटतो. कुणाला राग यायचा असेल तर येवो.

याच घरातली आणखी माणसं: गोव्यातले दोमिंगो आणि डॉम्निक, आणि कचेरीतल्या मॅडम. 'मेआ दोमिना', माझी घरधनीण, हे फ्रेंचात 'मादाम' झालं. शिपाई "म्याडम सही" म्हणतो तेव्हा तो त्यांना घरची मालकीण करून टाकतो.

हं, तुमचा प्रश्न. 'पहिल्या पातळीचं डोमेन', 'दुसऱ्या पातळीचं डोमेन' म्हणा, भागतं. 'सबडोमेन'ला 'पोटडोमेन' म्हणा. पोटकलम, पोटजात, पोटभाडेकरू आपल्याकडे आहेतच. 'डोमेन' तसाच ठेवा, तो परका नाही हे वर सांगितलंच. आणि भाषांतर करायचाच हट्ट असेल तर 'अधिक्षेत्र' नको, 'इजारा' म्हणा, म्हणजे मुदतीचा मक्ता. शब्दात मालकी आहे खरी, पण नाव कुणालाच कायमचं मिळत नाही. 'कॉम'चं घ्या किंवा 'इन'चं, एका वेळी फार तर दहा वर्षांचे पैसे भरता येतात, मग पुन्हा भरा. माझ्या त्या बिनघराच्या पाटीची मुदत येत्या मार्चात संपतेय.