वाचकांचे प्रश्न : बाजार, कारागिरी आणि चिनी ग्रंथ

मागील अंकात चिनी लेखकांच्या ललितेतर पुस्तकांविषयी एक छोटे टिपण छापले होते. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. उल्लेख केलेली पुस्तके इंग्रजी अनुवादातून वाचता येतात.

प्रश्न : जळगावात आमचे पिढीजात सराफी दुकान आहे. चीनच्या व्यापारी यशाचे रहस्य सांगणारी बरीच पुस्तके हल्ली दिसतात. त्यांतले कोणते आधी घ्यावे? (एक वाचक, जळगाव)

त्यांतले कोणतेही आधी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनीच्या मर्जीतल्या लेखकाने लिहिलेल्या यशोगाथेत ताळेबंद कमी आणि आरती जास्त असते. आपण सुरुवात दोन हजार वर्षे मागे जाऊन करावी. हान राजवटीतील इतिहासकार सीमा छ्येन याच्या ‘शिजी’ या १३० प्रकरणांच्या इतिहासग्रंथातील १२९वे प्रकरण व्यापारउदीम करून धनवान झालेल्या माणसांविषयी आहे. राजे, सेनापती आणि मंत्री यांच्या पंगतीला त्याने धान्याचे व्यापारी, लोखंड गाळणारे आणि मीठ विकणारे बसवले.

त्यात बाय ग्वेई नावाचा व्यापारी भेटतो. सुगी चांगली आली की तो धान्य घेई आणि रेशीम व रोगण विकी. रेशमाचे कोष निघाले की रेशमी कापड घेई आणि धान्य विकी. लोक टाकतात तेव्हा घ्यावे आणि लोक मागतात तेव्हा द्यावे, ही त्याची रीत होती. तो साधे जेवण घेई आणि नोकरांच्या बरोबरीने कष्ट काढी, हेही इतिहासकाराने टिपले आहे. कापसाचा हंगाम पाहून पैसा अडकवणाऱ्या आपल्याकडच्या अडत्याला यातली युक्ती नवी वाटणार नाही. मात्र ती एवढ्या जुन्या काळी राष्ट्राच्या इतिहासात मानाने नोंदली गेली, याचे मोल त्याला इतरांहून अधिक कळेल. त्याच प्रकरणात सुऱ्यांना धार लावणारा, वाळवलेली वजडी विकणारा आणि घोड्यांवर उपचार करणारा, अशी हलक्या समजल्या जाणाऱ्या धंद्यांतून श्रीमंत झालेली माणसेही आहेत. सारंगखेड्याचा घोडेबाजार पाहिलेल्या वाचकांनी तो भाग अवश्य वाचावा.

हे लिहिणारा स्वतः धनिक नव्हता. एका पराभूत सेनापतीची बाजू घेतल्याबद्दल सम्राटाने त्याला खच्चीकरणाची शिक्षा दिली. दंड भरून सुटका करून घेण्याइतका पैसा आपल्या घरी नव्हता, असे त्याने पुढे एका मित्राला पत्रात कळवले. पैशाअभावी देहाची विटंबना सोसलेल्या माणसाने पैसा मिळवणाऱ्यांविषयी आकस न धरता लिहिले, म्हणून ते प्रकरण मला मोठे वाटते. नंतरचा इतिहासकार बान गू याने मात्र सीमा छ्येनवर संपत्तीला फाजील मान दिल्याचा ठपका ठेवला. बर्टन वॉटसन यांचा इंग्रजी अनुवाद घ्यावा.

आधुनिक काळातले वाचायचेच असेल, तर हायर कंपनीची कथा घ्यावी. पुण्याजवळ रांजणगावला तिचा कारखाना असल्याने ती आपल्याला फार परकीही नाही. १९८५ मध्ये छिंगताव शहरात व्यवस्थापक चांग रुइमिन यांनी सदोष निघालेले ७६ फ्रिज कामगारांच्याच हातून घणाने फोडून घेतले. एका फ्रिजची किंमत त्या वेळी कामगाराच्या जवळजवळ दोन वर्षांच्या पगाराएवढी होती, असे सांगतात. हा प्रसंग अनेक पुस्तकांत येतो. तो सांगणारा लेखक घण उचलणाऱ्या कामगाराचे म्हणणे कितपत ऐकून घेतो, यावरून पुस्तकाची पारख करावी.

प्रश्न : आमच्या परिसरातील जुन्या कारागिरांचे काम लिहून ठेवावे, अशी इच्छा आहे. नमुना म्हणून एखादा चिनी ग्रंथ सुचवावा. (एक निवृत्त शिक्षक, यावल तालुका)

आपला संकल्प फार मोलाचा आहे आणि त्यासाठी सुंग यिंगशिंग याच्या १६३७ मधील ‘थ्येनकुंग खायवू’पेक्षा चांगला सोबती मला माहीत नाही. हा लेखक च्यांगशी प्रांतातला होता आणि राजधानीची सर्वोच्च परीक्षा पुन्हा पुन्हा देऊनही त्याला यश आले नव्हते. धान्यापासून मोती आणि रत्नांपर्यंत अठरा प्रकरणांत त्याने शेती, कापड, रंग, मीठ, साखर, मातीची भांडी, कागद, तेल आणि धातू यांची कामे सचित्र सांगितली आहेत. धान्य पहिले आणि रत्ने शेवटी, हा क्रम त्याने मुद्दाम ठेवला. नोकरी आणि बढतीच्या मागे लागलेल्यांना या पुस्तकाचा काडीचाही उपयोग नाही, असे त्याने प्रस्तावनेतच सांगून टाकले.

जळगावच्या सराफ बाजारातील माणसाला वाचून दाखवावे असे एक स्थळ धातूंच्या प्रकरणात आहे. कसोटीवर सोने घासले असता दहांपैकी सात भाग सोने हिरवट, आठ भाग पिवळे, नऊ भाग जांभळट आणि शुद्ध सोने लाल छटा दाखवते, असे तो सांगतो. पुढे तो कसोटीच्या दगडाकडे वळतो : हा दगड क्वांगशिन भागातील नदीत सापडतो, मोठा असेल तर धान्याच्या मापाएवढा आणि लहान असेल तर मुठीएवढा असतो आणि हंसाच्या मांसाच्या रश्श्यात उकळला की रोगणासारखा काळाभोर चकाकतो. सोन्याचा मुलामा खरवडून जाळला, तरी सोने राखेत शिल्लक राहते. त्या राखेत तेलाचे काही थेंब टाकले की ते तळाशी जमते आणि धुऊन, गाळून पुरते परत मिळते, हेही त्याने लिहिले आहे. सोनाराच्या दुकानापुढची माती धुणारा आपला झारेकरी हे वाचून लगेच मान डोलावेल.

साखरेचे वर्णनही असेच हाताने चाचपून पाहावे इतके स्पष्ट आहे. बैल जुंपून फिरवलेल्या चरकाच्या लाटांमधून उसाचा रस निघतो आणि तो कढयांत आटवला जातो. पुढे बुडाला भोक असलेल्या मातीच्या भांड्यात तो गोठला की वरून पिवळ्या मातीचे पाणी ओततात. मळकट काकवी खाली झिरपते आणि वरचा थर पांढराशुभ्र होतो.

नमुना म्हणून हे पुस्तक घेताना एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. मोत्यांविषयी लिहिताना, शिंपल्यावर चंद्रप्रकाश पडून मोत्याचा गर्भ राहतो, ही ऐकीव समजूत सुंग यिंगशिंग तशीच्या तशी उतरवतो. लाट आणि कढई सांगताना मात्र तो बोट ठेवून दाखवतो. आपणही पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते, हे प्रत्येक नोंदीत वेगळे लिहावे. मापे कारागीर सांगतो त्याच शब्दांत घ्यावीत, आणि काम बिघडते तेव्हा तो काय करतो हे विचारल्याशिवाय उठू नये. लिहिलेल्या मजकुराची एक प्रत धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या जुन्या संस्थेला देण्याचा विचार करावा. कारण सुंग यिंगशिंगचा हा ग्रंथ पुढे चीनमध्येच दुर्मीळ झाला, जपानमध्ये १७७१ मध्ये छापला गेल्यामुळे टिकला आणि विसाव्या शतकात मायदेशी परतला.

प्रश्न : एम. ए.ला मराठी विषय आहे. चिनी साहित्यविचाराची ओळख कोठून करून घ्यावी? (एक विद्यार्थिनी, अमळनेर)

आपण लू शुन यांच्या चिनी कथात्म साहित्याच्या इतिहासापासून सुरुवात करावी. पेकिंग विद्यापीठातील व्याख्यानांतून सिद्ध झालेले हे पुस्तक १९२३-२४ मध्ये दोन भागांत निघाले. चिनी पंडितांनी कविता आणि निबंधाला मान दिला होता. कादंबरीला मात्र स्वतःचा इतिहासच नाही, हे लू शुन आरंभीच सांगतात आणि मग तो इतिहास उभा करतात. अहिराणीतील ओव्या आणि कथांवर आपल्याला पुढे काम करायचे असेल, तर अवहेलना झालेल्या साहित्याचा पुरावा कसा गोळा करायचा, याचा धडा येथे मिळेल. लिऊ श्ये याचा साहित्यविचारावरील पन्नास प्रकरणांचा प्राचीन ग्रंथ त्यानंतर घ्यावा. तो सावकाश वाचण्याचा आहे.

प्रश्न : मी घरोघरी पार्सल पोचवण्याचे काम करतो. आमच्यासारख्यांविषयी तिकडे कोणी लिहिले आहे का? (एक तरुण वाचक, भुसावळ)

होय. हू आनयान यांनी स्वतः बीजिंगमध्ये हेच काम केले आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक २०२३ मध्ये चिनीत व २०२५ मध्ये इंग्रजीत आले. पोट भरण्यासाठी त्यांनी केलेल्या एकोणीस नोकऱ्यांचा अनुभव त्यात आहे. एका ठिकाणी ते हिशेब मांडतात : दिवसाचे गणित बसवायचे तर तासाला तीस युआन, म्हणजे मिनिटाला अर्धा युआन मिळाला पाहिजे, म्हणून लघवीला गेलेली दोन मिनिटे एक युआनला पडतात आणि जेवणाची वीस मिनिटे दहा युआनला. लेखक कोठेही रडत नाही आणि मालकाला शिव्याही देत नाही. चीनच्या अर्थव्यवस्थेवरील जाडजूड ग्रंथांपेक्षा हे अर्धे पान मला अधिक सांगून गेले. याच्या जोडीला ल्यांग हुंग यांचे हनान प्रांतातील आपल्या गावावरचे पुस्तक वाचावे. तरुण माणसे शहरांकडे गेल्यावर मागे उरलेल्यांशी ल्यांग हुंग गावी परतून बोलल्या आहेत.

प्रश्न : चिनी ग्रंथ वाचून आपल्याला आपल्या ओळखीविषयी काय कळणार? (एक वाचक, पाचोरा)

दोन वाटांनी कळते. समाजशास्त्रज्ञ फेइ शिआओथुंग यांचे खेड्यातील समाजरचनेवरील छोटे पुस्तक १९४८ चे आहे. युद्धकाळात खेड्यात राहायला आलेली प्राध्यापकांची मुले शाळेत पुढे होती, पण टोळ पकडण्यात गावातली मुले त्यांना हार जात नसत, एवढ्या साध्या निरीक्षणावरून ते खेडूत माणसाला अडाणी म्हणणाऱ्यांना उत्तर देतात. शहरात गेल्यावर अहिराणी बोलायला संकोचणाऱ्या आपल्या मुलांसाठी हे प्रकरण वर्गात वाचले जावे, असे मला मनापासून वाटते.

दुसरी वाट ह्युएनत्संगाची आहे. इसवी सन ६४६ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या प्रवासवृत्ताच्या अकराव्या भागात महाराष्ट्राचे वर्णन येते. येथील माणसे साधी, मानी, उपकार स्मरणारी आणि अपमानाचा सूड घेणारी आहेत, असे तो म्हणतो. हर्षाला पुलकेशीवर विजय मिळवता आला नाही, हेही नोंदवतो. पुढे डोंगरातील एका विहाराविषयी लिहिताना तो दारापाशी दोन्ही बाजूंना असलेल्या दगडी हत्तींचा आणि विहार उभारणाऱ्या एका अर्हताचा, म्हणजे सिद्धीस पोचलेल्या भिक्षूचा, उल्लेख करतो. बहुतेक अभ्यासक हा विहार म्हणजे अजिंठा असे मानतात. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांपाशी हत्ती आहेत आणि सव्विसाव्या लेण्यातील शिलालेखात त्या अर्हताशी जोडले जाणारे अचल या स्थविराचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूचे, नाव आहे. ह्युएनत्संगाने सांगितलेली सत्तर फुटांहून उंच बुद्धमूर्ती मात्र तेथे कोठेच नाही, त्यामुळे त्याने काही भाग ऐकून लिहिला असावा, असे मला वाटते. पाचोऱ्याहून अजिंठा जवळ आहे. सॅम्युएल बील यांचा १८८४ चा इंग्रजी अनुवाद जुना असला तरी सहज मिळतो. त्यातील ही काही पाने बरोबर घेऊन जावीत आणि प्रत्येक ओळ जागेवर ताडून पाहावी.