ऑनलाइन लिलावात बोली जिंकून गायब होणाऱ्यांचं काय करायचं?

तुमचा जुना कॅमेरा 18,000 ला गेला, जिंकणारा आता फोन उचलत नाही, आणि अशी माणसं आधीच कशी ओळखायची असं तुम्ही विचारलंय. ओळखता येत नाहीत. नवं खातं, फोटो नाही, एकदम मोठ्या उडीची बोली, या खुणा सगळेच सांगतात. पण असल्याच खात्यावरून बोली लावून तासाभरात पैसे देणारे मला भेटलेत आणि जुन्याजाणत्या खात्यांनी तोंडाला पानं पुसलीत. त्यापेक्षा अनामत घ्या. बोली लावण्याआधी पाचशे रुपये यूपीआयनं, हरला तर त्याच रात्री परत. अनामत मागितली की लोक पळतात म्हणे. पळू द्या, पळणारे पैसे देणार नव्हतेच.

खरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत: गायब झालेल्या माणसानं भाव जिथं नेऊन ठेवला, त्या भावाचं काय करायचं?

मी गोव्यातल्या डिचोलीचा. वडिलांनी जमवलेली पोर्तुगीज काळातली नाणी थोडी थोडी विकतो, बहुतेक नाणी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर. काही वर्षांपूर्वी 1935 चा चांदीचा रुपया लिलावाला लावला. आमच्याकडे 1958 पर्यंत रुपया-तांगा हे पोर्तुगीज अमलातलं चलन चालायचं, मग एस्कुदो हे नवं चलन आलं. त्यामुळे हे नाणं घरात असलेली माणसं गोव्यात पुष्कळ, पण चांगल्या स्थितीतलं कमी. मडगावचे एक गृहस्थ आणि बेळगावचे एक निवृत्त मास्तर दोनशे-दोनशेनं चढत होते. मडगावकर 3,200 वर थांबले, मास्तरांनी 3,400 केले. तिथं संपायला हवं होतं. तेवढ्यात तिसराच एक उपटला, त्यानं थेट 4,000 केले. मास्तर इरेला पेटले. 8,500 पर्यंत गेले. त्यानं 9,000 केले आणि वेळ संपली.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद. ग्रुपचा ॲडमिन म्हणाला, असं चालायचंच, पुन्हा लावा. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला भाई म्हणतो, त्याचं म्हणणं वेगळं: "मास्तरांना सांग, 8,500 ला तुमचा. त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलाय आकडा." नाणी वडिलांची, म्हणजे अर्धी भाईची, तेव्हा त्याला बोलायचा हक्क होताच.

मी मास्तरांना फोन करून म्हटलं, नाणं 3,400 ला तुमचं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग ते म्हणाले, "मला वाटलं, तो माणूस तुमचाच असेल." हे वाक्य मला भयंकर लागलं. खोटा बोलीवाला पैशाआधी आपलं नाव खराब करतो, हे मला त्या दिवशी समजलं. पण मास्तरांच्या जागी बसून बघितलं तर त्यांचं काय चुकलं? विक्रेत्यानं स्वतः भाडोत्री माणूस उभा केला असता तरी त्यांना समोर हेच दिसलं असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: जिंकणारा पैसे देत नसेल तर त्याची एकेक बोली खोडा आणि उरलेल्यांत लिलाव जिथं थांबला असता तो भाव धरा. म्हणजे दुसऱ्या नंबरवाल्यानं तिसऱ्या नंबरवाल्याच्या शेवटच्या बोलीपेक्षा एक पायरी वर द्यायचं, तेवढंच. तुमच्या प्रश्नात 18,000 आहेत, तिसऱ्या नंबरवाल्याचा आकडा नाही. तो आधी काढा. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर जिंकणारा पैसे देत नसेल तर दुसऱ्या नंबरवाल्याला वस्तू देऊ करता येते, तिला 'सेकंड चान्स ऑफर' म्हणतात; ती त्याच्या सर्वांत वरच्या बोलीलाच जाते. मोठी कंपनी करते म्हणून ते न्याय्य होत नाही. त्याच ईबेवर 2008 पासून विक्रेत्याला खरेदीदाराविषयी वाईट शेराही देता येत नाही, मग बुडव्यांना धाक कसला?

आमच्या गावात जत्रेला देवाची पावणी, म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव, होते. केळ्यांच्या घडाला बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लागते आणि पैसे बुडत नाहीत, कारण बोलणारा चार लोकांत उभा असतो आणि त्याचं घर सगळ्यांना ठाऊक असतं. फोनवर तो धाक नाही. तिथं अनामतच लागते.

कायद्याचं म्हणाल तर माल विक्री कायदा 1930, कलम 64 बघा. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, पडला की विक्री पूर्ण. त्याच कलमात आहे की विक्रेत्यानं भाव चढवायला खोटी बोली लावली असेल तर खरेदीदार व्यवहार रद्द करू शकतो. मात्र एका कॅमेऱ्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढू नका.

हेही सांगायला हवं की पैसे न देणारा प्रत्येक जण लबाड नसतो. कुणाच्या हातून एक शून्य जास्त पडतं, कुणाच्या घरी आजारपण निघतं. दोन दिवस द्या, एकदा फोन करा, मग पुढे चला. आणि "पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

भाई अजून म्हणतो की मी पाच हजार रुपये सोडले. मास्तर 8,500 द्यायला तयार होते, मग त्यांचं नुकसान कुठं झालं असतं, हा त्याचा मुद्दा. ते तयार होते, पण समोर कुणी खरा माणूस उभा आहे असं समजून. मी त्याला एकच विचारलं होतं: "तो माणूस तुमचा नव्हता हे दाखवा" असं मास्तर म्हणाले असते, तर 8,500 हातात घेऊन तू त्यांना काय दाखवणार होतास? त्याचं उत्तर त्यानं अजून दिलेलं नाही.