वाचकांचे प्रश्न : खिशातला प्लेअर, गाडीतला स्टिरिओ

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी नाट्यपदे आणि अभंग भरून ठेवलेला जुना आयपॉड क्लासिक आहे. गाडीच्या स्टिरिओला ऑक्सची सोय असल्याने तो मी साध्या वायरने जोडतो. मात्र लायटरच्या सॉकेटमधून त्याचे चार्जिंग सुरू केले की गाण्यामागे बारीक शीळ ऐकू येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढत जाते. शिवाय वरच्या पट्टीतल्या ताना फाटल्यासारख्या येतात. दुकानदार स्टिरिओ बदलायला सांगतो. बदलावा काय? (एक वाचक, कराड)

उत्तर : बदलू नये. आपल्या पत्रात दोन वेगवेगळे दोष एकत्र आले आहेत आणि त्यांपैकी एकही स्टिरिओचा दिसत नाही.

आधी शिळेविषयी. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारा आणि उतरणारा आवाज हा अल्टरनेटरचा असतो. अल्टरनेटर तयार करतो ती वीज एकदिश केलेली असली तरी तीत बारीक तरंग उरतात आणि इंजिनचे फेरे वाढले की त्या तरंगांची कंप्रताही वाढते. गाडीत ऋण बाजूची वायर सगळीकडे स्वतंत्र फिरवलेली नसते, तर गाडीचा पत्राच अर्थिंगचे काम करतो. स्टिरिओचे अर्थिंग एका ठिकाणी आणि लायटर सॉकेटचे दुसऱ्या ठिकाणी असल्याने या दोन ठिकाणांमध्ये अगदी थोडा, पण सतत बदलणारा विद्युतदाबाचा फरक राहतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. परंतु आयपॉड एकीकडे चार्जरला आणि दुसरीकडे ऑक्सच्या वायरीने स्टिरिओला जोडला, की ही दोन अर्थिंगे एकमेकांना मिळून एक बंद कडे तयार होते, आणि गाणे ज्या वायरीतून जाते तिच्यातूनच तो फरकही वाहू लागतो. स्टिरिओला गाणे कोणते आणि शीळ कोणती हे कळण्याचा मार्ग नसल्याने तो दोन्ही इमानाने मोठे करून ऐकवतो.

खात्री करून घेणे सोपे आहे. इंजिन चालू ठेवून फक्त चार्जरची वायर काढावी. शीळ थांबली, तर वर सांगितलेलेच कारण आहे. ऑक्सची वायरसुद्धा काढल्यावर आणि रेडिओ लावल्यावर ती ऐकू येत असेल, तरच स्टिरिओचे स्वतःचे अर्थिंग किंवा वीजपुरवठा ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावा.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आयपॉड घरून चार्ज करून न्यावा आणि गाडीत त्याच्याच बॅटरीवर वाजवावा. लांबच्या प्रवासात ते जमणार नसेल, तर ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी ऑक्सच्या वायरीत मध्ये जोडावी. तिच्यात डाव्या आणि उजव्या बाजूसाठी एकेक लहानसा ट्रान्सफॉर्मर असतो. गाणे चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे पोहोचते, पण तांब्याची जोडणी तुटल्याने कडे बंद होत नाही. मात्र हलक्या प्रतीच्या डबीतले ट्रान्सफॉर्मर खर्जातले स्वर नीट पेलत नाहीत, त्यामुळे शीळ गेली तरी डग्ग्याची घुमारदार बाजू पोकळ वाटू शकते. अभंग ऐकणाऱ्याला हा सौदा परवडणारा नाही, म्हणून डबी घेताना परत करण्याची मुभा आहे ना, हे पाहून घ्यावे.

आता फाटणाऱ्या तानांविषयी. इअरफोनच्या जॅकमधला आवाज प्लेअरमध्ये एकदा मोठा झालेला असतो आणि स्टिरिओ तो पुन्हा मोठा करतो. प्लेअरचा आवाज पूर्ण चढवून ठेवला, त्यात इक्वलायझरने खर्जही वाढवला, की स्टिरिओत शिरतानाच सुरांची टोके कापली जातात आणि स्टिरिओचा आवाज कमी करून ती परत येत नाहीत. इक्वलायझर बंद करावा, प्लेअरचा आवाज साधारण पाऊणपर्यंत ठेवावा आणि पुढचे कमीजास्त स्टिरिओवरच करावे. याउलट प्लेअर फारच हळू ठेवला, तर स्टिरिओ खूप वाढवावा लागतो आणि मागची खरखरही वाढते. आयपॉड क्लासिकच्या बुडाशी असलेल्या तीस पिनांच्या रुंद जोडणीत मात्र ठरावीक पातळीचा ‘लाइन आउट’ मिळतो. त्यावर आयपॉडच्या आवाजाच्या चक्राचा परिणाम होत नाही. त्यासाठीची केबल मिळाली, तर इअरफोनच्या जॅकपेक्षा तीच वापरावी. ॲपलने हे मॉडेल २०१४ सालीच बंद केल्याने ती शोधावी लागेल, पण शोधण्याजोगी आहे.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीत फक्त रेडिओ आणि कॅसेट आहे. एमपीथ्री प्लेअरसाठी एफएम ट्रान्समीटर घ्यावा की कॅसेट अडॅप्टर? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कॅसेटचे यंत्र धड चालत असेल, तर निःसंशय अडॅप्टर. कॅसेटच्या आकाराच्या या वस्तूत टेपऐवजी एक छोटे हेड असते. ते स्टिरिओच्या हेडसमोर येऊन बसते आणि टेपने निर्माण केले असते तसे चुंबकीय बदल स्वतःच निर्माण करते. आत घालताच स्टिरिओ सतत बाजू बदलू लागला, तर टेप संपल्याचा त्याचा समज होतो आहे असे समजावे. अडॅप्टरमधली दातेरी चाके मोकळी फिरतात की नाही ते पाहावे, नाहीतर दुसऱ्या घडणीचा अडॅप्टर घ्यावा. एका बाजूचा आवाज दबका येत असेल, तर बहुधा हेड मळलेले असते. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते पुसावे.

प्लेअरचे गाणे छोट्या रेडिओ केंद्रासारखे गाडीच्या रेडिओकडे पाठवणारा एफएम ट्रान्समीटर हा नाइलाजाचा उपाय आहे. एफएम प्रसारणात मुळातच सुमारे १५ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर गाळले जातात. शिवाय मोठ्या केंद्रापुढे या चिमुकल्या यंत्राचे काही चालत नाही. मुंबई किंवा पुण्यासारख्या शहरात रेडिओच्या पट्ट्यावर मोकळी जागा सापडणे कठीण, आणि एका शहरात मोकळी असलेली जागा पुढच्या शहरात व्यापलेली असते, त्यामुळे भर रस्त्यात आकडे बदलण्याची वेळ येते. चालकाने ते गाडी चालवताना करू नये.

प्रश्न : प्लेअर स्टिरिओच्या यूएसबीला लावला की चार्ज होतो, पण गाणी दिसत नाहीत. तीच गाणी पेनड्राइव्हवर वाजतात, पण क्रम चुकतो. (एक वाचक, पणजी)

उत्तर : बहुतेक स्टिरिओ यूएसबीवर फक्त पेनड्राइव्हसारखी साधी साठवण ओळखतात. आपला प्लेअर मात्र ‘एमटीपी’ या, म्हणजे फाइलींचा ताबा स्वतःकडेच ठेवण्याच्या, पद्धतीने जोडला जात असावा. त्याच्या सेटिंगमध्ये ‘एमएससी’ किंवा ‘मास स्टोरेज’ असा पर्याय असल्यास तो निवडावा. नसल्यास ऑक्सची वायर किंवा पेनड्राइव्ह, हेच मार्ग उरतात. क्रमाचे म्हणाल, तर अनेक स्टिरिओ नावाकडे न पाहता फाइली ज्या क्रमाने पेनड्राइव्हवर उतरल्या त्या क्रमाने वाजवतात. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने पुन्हा फॉरमॅट करावा आणि नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालून गाणी त्याच क्रमाने एकेक करून उतरवावीत.