पूरग्रस्त नदी? मग तिला गिळलं कोणी?

प्रश्न असा आहे: बॉइन नदीकाठच्या ट्रिम या लहानशा आयरिश गावात घडणाऱ्या गूढ भयकथेचं भाषांतर करताना 'पूरग्रस्त नदी' लिहिलं तर चालेल का? आणि बॅन्शीला, म्हणजे आयरिश लोककथांतल्या त्या रडणाऱ्या बाईला, 'हडळ' म्हणावं का?

'पूरग्रस्त नदी' अजिबात चालणार नाही. बातम्यांतून हे रोज कानावर आदळतं, म्हणून ते बरोबर ठरत नाही. ग्रस्त म्हणजे गिळलेला. पंचांगातला ग्रस्तोदय आठवा, ग्रहण लागलेलं असतानाच उगवलेलं बिंब. पुरात गाव ग्रस्त होतं, शेत होतं. नदी तर गिळणारी! नदीसाठी आपल्याकडे धडधाकट क्रियापदं आहेत: नदीला पाणी आलं, नदी चढली, दुथडी भरली, तिनं पात्र सोडलं, पाणी ओसरलं. यातली दुथडी नीट ओळखा. पाणी दोन्ही थड्यांना लागलंय, पण अजून पात्रातच आहे. 'दुथडी भरलेल्या नदीचं पाणी तळघरात शिरलं' असं लिहिलंत, तर मधली एक पायरी गाळलीत. रहस्यकथेत नेमक्या त्याच पायरीवर वेळेचं गणित बसतं.

'रोरावत आलेला लोंढा'सुद्धा काढा. ते सह्याद्रीतल्या ओढ्यांना शोभतं. बॉइन मीथ परगण्याच्या सपाटीवरून रमतगमत जाते, लांबी जेमतेम 112 किलोमीटर. हिवाळ्यात आधीच चिंब झालेल्या जमिनीवर आणखी पाऊस पडतो, पाणी मुकाट चढतं, कुरणांवर पसरतं आणि बसून राहतं. भीती त्या मुकाटपणाची असते. (ट्रिमच्या आयरिश नावातला 'आथ' म्हणजे नदीतला उतार, पायी पार होण्याची जागा. पूर आला की पहिला तोच जातो.)

पण खरी गंमत बॉइन या नावात आहे. दुसऱ्या शतकात टॉलेमी या ग्रीक भूगोलकारानं ते 'बुविंदा' असं नोंदवलं. बु म्हणजे गाय, विंदा म्हणजे शुभ्र. संस्कृत आणि केल्टिक (आयरिश ज्यांत मोडते त्या) भाषांच्या समान मूळ भाषेतल्या ज्या ध्वनीचा संस्कृतात ग झाला, त्याचा केल्टिक भाषांत ब झाला. म्हणून आपली गो ती आयरिश 'बो'. उत्तरार्ध त्याहून रसाळ. केल्टिक 'विंदो' म्हणजे पांढरा, आणि तो 'दिसणे, जाणणे' या अर्थाच्या धातूवरून आला असं मानणारे अभ्यासक आहेत. तोच आपला विद्, विन्दति. हे मान्य केलं, तर बुविंदा आणि गोविंद दोन्ही अंगांनी चुलत भावंडं ठरतात! माझा हा लाडका तर्क आहे आणि मी तो सोडणार नाही.

यावर दोन बाजूंनी दगड येतात. एक गट म्हणतो, गोविंद हे गोपेंद्राचं प्राकृत रूप. पण रा. गो. भांडारकरांनी ते ऋग्वेदातल्या इंद्राच्या 'गोविद्', म्हणजे गाई शोधून काढणारा, या विशेषणाशी जोडलं. मला तेच पटतं. दुसऱ्या गटाला यातून आर्यावर्तातून आयर्लंडला गेलेली गलबतं दिसतात. त्यांना हात जोडतो. चुलत भावंडं म्हणजे बाप-लेक नव्हेत.

या नदीचा जन्मच पुरातून झाल्याची दंतकथा आहे. बोआन या देवीनं आपला नवरा नेख्तान याच्या निषिद्ध विहिरीला तीन उलट्या फेऱ्या घातल्या. पाणी उसळलं, तिचा पाय, डोळा आणि हात घेऊन गेलं आणि समुद्रापर्यंत तिच्या मागे धावलं. भाषांतरात 'डावीकडून फेऱ्या' नको, 'उलटी प्रदक्षिणा' लिहा. जुन्या आयरिशमधला 'देस' म्हणजे उजवा आणि दक्षिणही, थेट आपल्या 'दक्षिण'सारखा. तिथल्या लोकांनाही उजवी घातलेली फेरीच शुभ.

हां, बॅन्शी राहिली. 'बॅन' म्हणजे बाई, इथेही तोच ग-ब चा खेळ: वैदिक 'ग्ना', स्त्री. 'शी' म्हणजे पऱ्यांची टेकडी. थोडक्यात, टेकडीतली बाई. हडळ धरते, झपाटते. बॅन्शी कुणाला हात लावत नाही, घराण्यातलं कुणी जाणार असलं की आधीच गळा काढते. बॅन्शीच ठेवा, आणि पहिल्याच उल्लेखात तिला रडू द्या.